एका खेळाडूसाठी भांडणारा माझा नवरा

गेल्या हिवाळ्यात मला एका फुटबॉलपटूचा हेवा वाटायला लागला. तो कोल्हापुरात राहायचा, मी जयपुरात. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं आणि त्याने माझं काही वाकडंही केलेलं नव्हतं. तरी घरात त्याचा विषय निघाला की माझ्या हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात आपटायचं, आणि माझी लेक अभ्यासातून मान वर करून माझ्याकडे बघायची.

मी मूळची नांदेडची. विमा कंपनीत अधिकारी आहे, बदली होऊन इथे आले. आम्ही दुर्गापुऱ्यात राहतो. नवरा कोल्हापूरचा, शेतीचे पंप विकणाऱ्या कंपनीत. त्याची फिरती चौमू आणि सीकरच्या बाजूला असते, त्यामुळे संध्याकाळी तो धुळीने माखूनच दारात येतो. पण त्याच्या पेठेच्या संघाचा सामना असला की तो काहीही कारण काढून दुपारीच घरी पोचलेला असतो.

कोल्हापुरात पेठेपेठेचे फुटबॉल संघ आहेत आणि माणसं त्यांच्यापायी वेडी आहेत, हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. सासरचं आडनाव मिळालं तसा तो संघही मिळाला. आता सामने फोनवर थेट दिसतात. नवरा फोन टीव्हीला जोडतो, खुर्च्या ओढतो, आणि जोहरी बाजाराजवळ सोनं गाळण्याचं दुकान असलेले आमचे एक विट्याकडचे स्नेही, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, कांद्याची कचोरी घेऊन येतात. भाऊंचा कोल्हापूरशी तसा संबंध नाही. पण परमुलखात मराठीत आरडाओरडा करायला मिळतो, तेवढ्यासाठी ते त्या संघाचे झाले.

या संघाने दोन वर्षांपूर्वी पश्चिम आफ्रिकेतला एक खेळाडू आणला. पुढच्या फळीत खेळणारा, उंच, लांब टांगांचा. नवरा दिवाळीत कोल्हापूरला गेला तेव्हा तालमीत त्याला भेटला आणि त्यांचं जमलं. त्यानंतर फोन सुरू झाले. खेळाडू मोडकं मराठी शिकला होता, नवऱ्याचं इंग्रजी तसंच, आणि मध्ये हिंदी. एवढ्या सामग्रीवर ते अर्धा अर्धा तास बोलायचे. त्याच्या आईचे गुडघे दुखतात, त्याला तांबडा रस्सा चालतो पण पांढरा नको वाटतो, त्याची धाकटी बहीण नर्स होणार आहे, हे सगळं मला जेवताना कळायचं. एकदा त्याला जयपूरच्या मोजड्या हव्या होत्या. एवढ्या मोठ्या पायाच्या तयार मिळेनात, म्हणून नवऱ्याने त्याच्याकडून कागदावर पाय ठेवून काढलेली आकृती मागवली आणि कारागिराकडून मुद्दाम जोड शिवून घेतला. तो जोड नवरा हातात धरून फिरवून फिरवून बघत होता. माझ्या पायाचं माप त्याला आजही माहीत नाही. हेवा बहुतेक तिथे सुरू झाला.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी काळी आहे. सावळी म्हणतात ते मला सांभाळून घेणारे. इथे जयपुरात भाजीवाल्यापासून शाखाधिकाऱ्यापर्यंत सगळे विचारतात, आप साउथ से हैं? मी हो म्हणून टाकते. नवरा गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या मोठ्या बहिणीने, आक्कांनी, सगळ्यांसमोर हसत हसत म्हटलं होतं की भावाने दुधात काळं मिरं टाकलंय. सासूबाई नव्हत्या, आक्काच घरातल्या कर्त्या. त्या मला पहिल्या दिवसापासून काळुंद्री म्हणतात. म्हणजे म्हणायच्या. वाईट बाई मुळीच नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला जपलं तेवढं माझ्या आईनेही जपलं नसेल. पण लेक जन्मली तेव्हा दुपट्यात डोकावून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते, बापावर गेली, सुटलो. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना सुटलो, आलो, गेलो असंच म्हणतात. त्या सुटलोमध्ये सगळं घर सामील होतं. नवराही हसला होता.

तर त्या हिवाळ्यातला तो सामना. पेठेचा संघ एका गोलने मागे होता. खेळाडू कोपऱ्यातून चेंडू मारायला गेला आणि समोरच्या संघाच्या प्रेक्षकांतून माकडाचे आवाज यायला लागले. आधी दोघा-तिघांचे, मग पुष्कळांचे. टीव्हीवर ते स्पष्ट ऐकू येत होते. नवऱ्याने शिवी हासडली. एवढ्यात आपल्या बाजूच्या प्रेक्षकांतून कुणीतरी मोठ्याने म्हटलं, "काळ्या, दे की त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर." आणि ती सगळी बाजू हसली. ज्यांच्या अंगावर त्याच्याच क्रमांकाचे शर्ट होते तेही हसले.

खेळाडू चेंडू पायाशी घेऊन उभा राहिला. तो समोरच्यांकडे नाही, आपल्यांकडे बघत होता. पंचाने शिट्टी वाजवली तरी हलला नाही. मग त्याने चेंडू मारला आणि उरलेला सामना खेळला. संपल्यावर स्थानिक वाहिनीच्या पोराने माईक पुढे केला, नेहमीप्रमाणे कसं वाटतंय वगैरे. तो मराठीतच बोलला.

"समोरचे ओरडले. ते समोरचे आहेत. माझे लोक हसले. मी दोन वर्षं यांच्या घरात जेवतो. मला नाव आहे."

एवढंच बोलून तो निघून गेला. भाऊंनी कचोरीचा कागद चुरगळला आणि थोड्या वेळाने म्हणाले की त्याला आपल्याकडच्या चेष्टेची सवय नसेल. नवऱ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊ चहा न घेताच उठले.

पेठेतल्या मित्रांचा एक मोठा ग्रुप नवऱ्याच्या फोनवर होता. शाळेपासूनचे सोबती. सुरुवातीला तिथे लोक चुकलंच म्हणत होते. पण खेळाडूचं ते बोलणं दुसऱ्या दिवशी गावभर फिरलं, मोठ्या शहरांतल्या लोकांनीही पाहिलं, तशी भाषा बदलली. पेठेची अब्रू घालवली. घरात बसवून मटण खायला घातलं त्याची ही फेड. आम्ही एकमेकांना जाड्या, टकल्या, काळ्या म्हणतोच की, ते प्रेम असतं. खेळायला आणलंय, भाषणं करायला नाही. एकाने तर समोरच्या संघाने त्याला फूस लावल्याचं शोधून काढलं. ज्या शर्टावर त्याचा क्रमांक होता तो शर्ट एकाने रस्त्यात जाळला आणि त्याचा व्हिडिओ टाकला.

नवरा त्या ग्रुपवर एकटा भांडला. चौमूला शेतकऱ्याच्या विहिरीवर उभा असतानाही तो टाइप करत असायचा. प्रेमाने म्हटलं म्हणून लागायचं राहत नाही, असं त्याने लिहिलं. आपण हसलो तेव्हा तो एकटा पडला, आपल्या घरात एकटा पडला, असंही लिहिलं. त्याच्या बालपणीच्या सगळ्यात जवळच्या मित्राने फोन करून सांगितलं की तू जयपुरात बसून आम्हाला शहाणपण शिकवू नको. त्यावर नवऱ्याने तो ग्रुप सोडला. मग एक लांबलचक मजकूर लिहून सगळ्यांना वाचता येईल असा टाकला. तो खूप लोकांनी वाचला.

मी काय करत होते? मी मजकूर वाचत होते. एकदा वाचला, दोनदा वाचला, ऑफिसात दाव्यांच्या फायली बाजूला सारून वाचला. चांगलं लिहिलं होतं. एकेक वाक्य खरं होतं. आणि वाचताना माझ्या मनात जे पेटायचं त्याला हेव्याशिवाय दुसरं नाव नाही. हा माणूस एका परक्यासाठी बालमित्रांपासून तुटायला तयार होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी विद्याधर नगरात एका मराठी कुटुंबाकडे गेले. बदलीवर आलेल्या बँकवाल्यांच्या, सरकारी अधिकाऱ्यांच्या बायका, आयटीतल्या दोन-चार तरुण मुली. तिथे एकीने माझ्या नवऱ्याचा मजकूर फोनवरून मोठ्याने वाचून दाखवला. तुमचे मिस्टर किती वेगळे आहेत, असं म्हणाल्या. असा नवरा मिळायला भाग्य लागतं म्हणाल्या. मी तिळगूळ तोंडात घेऊन मान हलवली. त्या मुलींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तिचाही राग आला.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी मटार सोलत बसले होते आणि नवरा गॅलरीत फोनवर होता. पलीकडे तो खेळाडू. नवऱ्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका हळू होता.

"तुला कसं वाटलं रे तेव्हा? सांग. मी ऐकतोय," तो म्हणत होता.

आणि मग तो खरंच ऐकत राहिला. कितीतरी वेळ. मध्ये फक्त हं म्हणायचा. एकदा त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मी मटाराच्या शेंगा तशाच ठेवल्या. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न मला कुणी विचारू शकतं हेही माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आता आलं, आणि ते दुसऱ्याला विचारलेलं ऐकून आलं.

तो आत आला. आम्ही दोघंच असताना मी त्याला तू म्हणते, आक्कांसमोर अहो. लेक क्लासला गेली होती.

"मला कधी विचारलंस?" मी म्हटलं.

तो गोंधळला. तुला काय झालं म्हणाला. मग मी सांगितलं. आरडाओरडा केला नाही, मटार सोलता सोलताच सांगितलं. हळद लावताना आक्का म्हणाल्या होत्या की हिच्यावर हळद दिसतच नाही, दुप्पट वाटा. लग्नाच्या फोटोवाल्याला सांगितलं होतं की हिला जरा उजळून दे. दर दिवाळीला माझ्या साडीचा रंग त्या निवडतात आणि तो नेहमी मातकट असतो. काळुंद्री कुठाय, काळुंद्रीला चहा द्या, काळुंद्रीला प्रमोशन मिळालं. तू प्रत्येक वेळी तिथे होतास.

"अगं, आक्का ते प्रेमानं," एवढं म्हणून तो थांबला. आपलंच वाक्य त्याला ऐकू आलं असावं. मला त्या क्षणी विजय झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला त्याची दया आली आणि त्यामुळे मी आणखी चिडले.

मग त्याने सावरून सांगायचा प्रयत्न केला की ते वेगळं आणि हे वेगळं. तो परदेशातून आलेला, तो एकटा, त्याच्या लोकांनी शतकानुशतकं सोसलेलं. आपलं घरातलं. मी म्हटलं, असेल वेगळं. त्याचं जास्त असेल, माझं कमी असेल. मी मोजमाप करायला बसलेली नाही. मला एवढंच कळत नाही की तू त्याच्यासाठी जे केलंस त्यातलं चिमूटभर माझ्यासाठी का नाही केलंस. शेवटी तो म्हणाला की मला ते दिसलंच नाही. मला वाटतं तो खरं बोलत होता, आणि तेच ऐकायला सगळ्यात जड गेलं. तो आक्कांना फोन करायला निघाला, मी करू दिला नाही. त्याने माझ्यासाठी भांडावं असं मला वाटत होतं, पण मागून घेतलेलं नको होतं.

फेब्रुवारीत आक्का जयपूर बघायला आल्या. थंडी ओसरली होती. आमेरचा किल्ला झाला, हवामहलासमोर फोटो झाले, आणि एका सकाळी आम्ही सगळे बापू बाजारात लहरियाच्या साड्या घ्यायला गेलो. दुकानदाराने गादीवर एकावर एक साड्या उलगडल्या. त्यात एक केशरी होती, त्यात पिवळ्या लाटा. मी तिच्यावर हात ठेवला.

"हा रंग काळुंद्रीला नको ओ भैया," आक्का दुकानदाराला म्हणाल्या. "उठून दिसायचा न्हाई. तो इकडं माझ्यावर टाका."

दुकानदाराला मराठी कळलं नसेल, पण रोख कळला. तो हसला आणि साडी माझ्या हाताखालून ओढायला लागला. मी सोडली नाही. माझ्या ओठांवर आलेलं पहिलं वाक्य त्या खेळाडूचं होतं, मला नाव आहे. ते मी गिळलं. तेही त्याचंच वापरायचं, हे मला सहन होईना. दुसरं शोधायला वेळ लागला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"आक्का, मला तसं म्हणू नका. मला लागतं. लग्नापासून लागतंय."

आक्कांना आधी ती चेष्टाच वाटली. मग चेहरा उतरला.

"मी काय वाईट म्हटलो? मी तुला पोरीगत मानलो," त्या म्हणाल्या. "प्रेमानं म्हणतो गं. घरातलीच म्हणून म्हणतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. शेकडो लोकांशी भांडलेला हा माणूस हातात पिशव्या घेऊन दुकानाच्या आरशाशेजारी उभा होता आणि गादीवरच्या साड्यांकडे बघत होता. मला वाटलं, गेलं, हा बोलणार नाही. मग तो बोलला. अगदी लहान आवाजात बोलला, गॅलरीत बोलला होता त्याहूनही लहान.

"आक्का, ती बरोबर बोलती. मीच आधी बोलाय पाहिजे होतं."

आक्का रडल्या. दुकानदाराने पाणी मागवलं. केशरी साडी मी घेतली, आणि ती घेतल्याचा मला त्या दिवशी काडीचा आनंद झाला नाही. घरी आल्यावर आक्कांनी जेवण टाकलं नाही, पण बोलणं टाकलं. ठरल्यापेक्षा लवकर परत गेल्या. रात्रीच्या गाडीत त्यांना बसवून आल्यावर लेक मला म्हणाली, "मम्मी, मतलब तू सही बोललीस. पण आत्या किती रडली ना." मी म्हटलं हो.

कोल्हापूरहून मग उडत उडत कानावर आलं. जयपूरला जाऊन शेफारली. अधिकारी झाली म्हणून डोक्यात हवा गेली. एवढी वर्षं गप्प होती, आताच कसं लागायला लागलं, कुणी शिकवलं. ते ऐकताना मला पेठेच्या त्या ग्रुपवरचं सगळं आठवायचं. नवरा ऐकायचा आणि खाली बघायचा. पण हेही सांगायला हवं की या वेळी तो गप्प बसला नाही. चुलत्यांच्या घरून फोन आला तेव्हा तो माझ्या देखत म्हणाला की तिला कुणी शिकवलं नाही, आम्ही ऐकलं नाही. ते वाक्य त्याने कुठे टाकलं नाही, कुणी वाचून दाखवलं नाही, त्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

तिकडे मार्चमध्ये पेठेची मंडळी वरमली. थोड्या तरुण पोरांनी पुढाकार घेतला, संघाने खेळाडूची माफी मागितली, आणि पुढच्या सामन्यात प्रेक्षकांत त्याच्या नावाचं भलंमोठं कापड लटकलं. त्याने गोल मारला. अख्खी बाजू त्याचं नाव घेऊन ओरडत होती, त्याच्या नावाचा उच्चार चुकवत, पण ओरडत होती. भाऊ परत कचोरी घेऊन यायला लागले होते, ते उठून नाचले. नवरा रडला. मी दारात उभी राहून बघत होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी पुन्हा ते पेटलं. त्याच्यासाठी एवढं कापड आणि एवढी माणसं. माझ्यासाठी आक्कांचा फोनसुद्धा नव्हता.

फोन पुढे गुढीपाडव्याला आला. आक्कांनी मला माझ्या नावाने हाक मारली. नाव घ्यायच्या आधी त्या किंचित थांबल्या, जसं पायरी दिसत नसली की आपण थांबतो. पाडव्याच्या शुभेच्छा, तब्येत, लेकीची परीक्षा, झालं. बँकेतल्या साहेबांशी बोलावं तसं बोलल्या. माझ्या बाळंतपणात माझ्या केसांना तेल लावताना त्या जशा बोलायच्या तसं नाही. काळुंद्रीबरोबर तेही गेलं होतं. मला एक हवं होतं आणि दुसरं नको होतं, पण दोन्ही एकाच गाठोड्यात होती हे मला आधी कळलं नव्हतं.

हंगाम संपल्यावर त्या खेळाडूचा व्हिडिओ कॉल आला. नवरा बोलत होता, मी ताटं लावत होते. वहिनींना द्या, असं तो म्हणाला. नवऱ्याने माझ्याकडे फोन धरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. मी हात पुसून फोन घेतला. पडद्यावर एक दमलेला तरुण चेहरा होता, टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा खूप लहान. तो नमस्कार वहिनी म्हणाला. मोजड्या अजून नव्या आहेत, फक्त रविवारी घालतो, असं त्याने सांगितलं. मला त्याला पुष्कळ टोचून बोलायचं होतं. त्याऐवजी मी विचारलं की आता बरं वाटतं का.

"अर्धं," तो म्हणाला. "आता सगळे माझं नाव घेतात. पण माझ्याशी कुणी चेष्टा करत नाही. मी आलो की गप्प होतात. आधी सगळे गळ्यात हात टाकायचे."

मी म्हटलं, माझंही तसंच झालं. त्याला माझं काय झालं ते माहीत नव्हतं. नवऱ्याने सांगितलं नव्हतं. मग मीच थोडक्यात सांगितलं, हिंदीत, आणि तो ऐकत राहिला, मध्ये फक्त हं म्हणत. नवरा बाजूला उभा होता. भात निवत होता. शेवटी मी त्याला विचारलं की पुढच्या हंगामात पेठेकडूनच खेळणार का. तो नाही म्हणाला. गोव्याच्या एका संघाने बोलावलं होतं, तिकडे समुद्र आहे, तिकडे जाणार.

फोन ठेवल्यावर नवऱ्याने विचारलं की तो खरंच गोव्याला चाललाय का. मी हो म्हटलं. तो खुर्चीत बसला, फार वाईट वाटलं त्याला. मी त्याच्या ताटात भात वाढला. मला त्या मुलाबद्दल राग उरला नव्हता. पण त्याला संघ बदलता येतो, ही गोष्ट मात्र मी जेवण संपेपर्यंत विसरू शकले नाही. मे महिन्यात आम्हाला आक्कांच्या मुलीच्या लग्नाला कोल्हापूरला जायचं होतं.